सविता आपली, मग पूर्वी पटेल कोणाची?

पोस्ट मोठी आहे, गर्भपात, बाळंतपण आणि आपण कोणाला "आपलं" म्हणतो यावर. घाईत असाल तर नेहमीसारखं लाइक ठोकून पुढे जा, राग नाही.

आज सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिला दिनाचं ठरत होतं. साडी कुठल्या रंगाची, लेझीम की फॅशन शो, वडे कोण तळणार. त्यात एका वहिनींनी भीतभीत सुचवलं, की इथे अमेरिकेत, इंडियानापोलिसमध्ये बाळंतपण आणि बायकांच्या हक्कांवर काम करणाऱ्या एक कृष्णवर्णीय बाई आहेत, त्यांना अर्धा तास बोलवू या का? लगेच एका काकांचं उत्तर आलं : "हे त्या काळ्या बायकांचे प्रश्न. आपल्या मुली शिकलेल्या, चांगल्या इन्शुरन्सवाल्या. आपण कशाला यात पडायचं?" आणि शेवटी जोडलेले हात. त्यावर धडाधड अंगठे. वहिनींनी बिचारीने "ओके काका" लिहिलं आणि गाडी परत वड्यांवर.

मी तिथे काही लिहिलं नाही. तिथे लिहिलं असतं तर मला ग्रुपमधून काढलं असतं आणि गणपतीचं पार्किंग कुठे ते कळलं नसतं. म्हणून इथे लिहिते.

काका, दोन वर्षांपूर्वी मी आपल्याच गावातल्या एका फार्मसीच्या काउंटरवर उभी होते. दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. डॉक्टरांनी मिसोप्रोस्टॉल (गर्भपातासाठीही वापरतात ते औषध) लिहून दिलं, म्हणजे पिशवी आपोआप रिकामी होईल, क्युरेटिंग टळेल. पाच वर्षांची लेक माझा हात धरून उभी. काउंटरमागच्या बाईने चिठ्ठी वाचली, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कशासाठी हवंय?" मी सांगितलं. मागे रांग होती, त्यांनीही ऐकलं. "किती आठवडे?" तेही सांगितलं. मग ती आत फोन करायला गेली. बऱ्याच वेळाने आली, लेकीकडे पाहून हसली आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "ही तुमची पहिली ना? तुमच्या संस्कृतीत मुलगे हवे असतात, नाही का?"

नवव्या आठवड्यात! पोटातल्या गर्भाचं काळीज थांबलेलं, आणि बाई मला विचारतेय मुलगा होता की मुलगी.

हा प्रश्न तिच्या डोक्यात कुठून आला? आभाळातून पडला नाही. २०११ साली ॲरिझोनाने कायदा केला, की गर्भाचं लिंग किंवा वंश बघून गर्भपात करायचा नाही. डॉक्टरने तसं प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं, की या बाईच्या मनात असं काही नाही. आता सांगा, कुठल्या बाईचं मन डॉक्टर तपासणार? सोनेरी केसांच्या जेनिफरचं? वंशाचा संशय काळ्या बाईवर, लिंगाचा संशय आशियाई बाईवर, असा सगळा हिशोब. आपल्या इंडियाना राज्यानेही २०१६ साली, माइक पेन्स गव्हर्नर असताना, त्याच धर्तीचा कायदा केला. कोर्टाने तो अडवला, पण कायदा अडवला म्हणून नजर अडत नाही. आता तर इथे २०२३ च्या ऑगस्टपासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदीच आहे, त्यामुळे चिठ्ठीवरचं औषधाचं नाव बघूनच समोरच्याचा चेहरा बदलतो.

आणि काका, ॲरिझोनाच्या त्या कायद्याविरुद्ध २०१३ मध्ये कोर्टात कोण गेलं माहीत आहे? कृष्णवर्णीयांची जुनी संघटना एनएएसीपी, आणि तिच्याबरोबर आशियाई बायकांची संघटना. एकाच खटल्यात. कोर्टांनी ऐकून घेतलं नाही, खटला टिकला नाही. पण तुम्ही ज्यांना "त्या बायका" म्हणता त्या तुमच्या लेकीसुनांवरचा संशय पुसायला कोर्टाची पायरी चढल्या होत्या. आपलं मंडळ त्या वर्षी काय करत होतं? वडे, बहुतेक.

हो, आपल्याकडे मुली पाडतात. माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, परळीतल्या डॉक्टरचं गर्भपाताचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. पण देशातला पहिला गर्भलिंग तपासणीविरोधी कायदाही १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, आणि मागून आलेल्या केंद्राच्या कायद्यात असं धरून चालतात की बाईवर नवऱ्याने, घरच्यांनी बळजबरी केली असणार. संशय सोनोग्राफीवाल्यावर आणि सासरवर. इथे काउंटरवरच्या बाईने संशय घेतला माझ्यावर, माझ्या मुलीदेखत.

आता इन्शुरन्सचं. सेरेना विल्यम्सचा इन्शुरन्स चांगला नव्हता का काका? २०१७ ला तिची मुलगी झाली. तिला पूर्वी फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, लक्षणं ती ओळखून होती. दुसऱ्याच दिवशी धाप लागली तेव्हा तिने स्वतः सांगितलं, सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करणारं हेपरिन द्या. नर्सला वाटलं दुखणं थांबवायच्या औषधाने ही बरळतेय. गुठळ्या निघाल्याच. जगातली सर्वांत मोठी टेनिसपटू सांगतेय तरी ऐकत नाहीत, तिथे आपली एच-वन-बी व्हिसावरची सून काय सांगणार? या देशात बाळंतपणात कृष्णवर्णीय बाई मरण्याचं प्रमाण गोऱ्या बाईच्या जवळपास तिप्पट आहे, आणि शिकलेल्या, कमावत्या बायकाही त्यातून सुटत नाहीत.

जरा पाणी पिऊन आले. राग काकांवर नाहीये खरं तर. माझ्या लेकीच्या वेळी मध्यरात्री बर्फात आम्हाला हॉस्पिटलला सोडायला हेच काका आले होते, आमची गाडी निघत नव्हती म्हणून. भला माणूस. म्हणूनच जास्त लागतं.

कारण भला माणूसच ठरवतो कोण आपलं आणि कोण नाही. सविता हलप्पनवार आठवते ना? बेळगावची लेक, दातांची डॉक्टर, आयर्लंडमधलं गॉलवे. २०१२ चा ऑक्टोबर. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे नक्की झालं होतं, ती आणि नवरा विनवत होते, मोकळं करा. पण ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले, आणि एका दाईने सांगितलं की हा कॅथलिक देश आहे. आठवड्याभरात सेप्सिसने गेली. तेव्हा ग्रुपवर किती फॉरवर्ड फिरले, मेणबत्त्या लावल्या, काकांनी स्वतः "आपल्या बेळगावची पोर" म्हणून मोठा मजकूर लिहिला होता. रडलेही असतील. पुढे २०१८ मध्ये आयर्लंडच्या लोकांनी ६६ टक्क्यांवर मतं देऊन ती बंदी उखडली, आणि तिचे आईवडील बेळगावात बसून त्यासाठी आवाहन करत होते. तेही आपण अभिमानाने शेअर केलं.

आणि पूर्वी पटेल? सव्वादोन-अडीच तासांवर साउथ बेंड, त्या भागातली गुजराती मुलगी. लग्न झालेलं नाही, घरच्यांचं रेस्टॉरंट सांभाळायची, आईवडिलांना दिवस गेल्याचं सांगितलेलं नाही. २०१३ च्या जुलैत रक्तस्राव होत हॉस्पिटलात गेली. तिथूनच पोलिसांना फोन. दारूबिरू पिऊन कोणी गरोदर बाईला मारहाण केली तर त्याला शिक्षा व्हावी अशा हेतूचा भ्रूणहत्येचा कायदा, तो हिलाच लावला, जोडीला मुलाकडे दुर्लक्ष केल्याचा गुन्हा. २०१५ मध्ये वीस वर्षांची शिक्षा! २०१६ ला वरच्या कोर्टाने म्हटलं, भ्रूणहत्येचा कायदा बाईच्या स्वतःच्या गर्भपातासाठी नाहीच, दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षाही कमी झाली, आणि मग ती सुटली. तिच्या आधी याच इंडियानात याच कायद्याखाली तुरुंगात गेलेली बाईही आशियाईच, बेई बेई शुआई, चिनी. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

तेव्हा आपल्या ग्रुपवर काय आलं? मी मुद्दाम जुने मेसेज शोधले. एक बातमीची लिंक, आणि खाली एकाच काकूंचं : "आईवडिलांचा तरी विचार करायचा." झालं. एक मेणबत्ती नाही.

सविता लग्नाची, मूल हवं होतं, डॉक्टर. म्हणून आपली. पूर्वीला मूल नको होतं, लपवलं, म्हणून परकी. कबूल, पूर्वीची केस गुंतागुंतीची होती, कोर्टातले सगळे तपशील ऐकायला सोपे नाहीत. म्हणून काय वीस वर्षं?

त्या काउंटरवर माझ्या तोंडून काय वदवून घेतलं गेलं? "माझं लग्न झालंय. मूल हवं होतं आम्हाला." मोडक्या आवाजात, रांगेसमोर. सवितासारखी आहे, पूर्वीसारखी नाही, असं सिद्ध करून गोळ्या मिळाल्या. मूल नको असतं तर? कुठे गेले असते मी, बंदी नसलेल्या शेजारच्या इलिनॉय राज्यात गाडी काढून? घरी येऊन आईला साताऱ्याला फोन केला तर ती म्हणाली, "विश्रांती घे, आणि कोणाला सांगत बसू नकोस." तीही बरोबरच, तिच्या परीने. आम्ही सगळ्या तशाच वाढलो. वहिनींचं "ओके काका" त्याच शाळेतलं.

"त्या बायका" तशा गप्प बसल्या नाहीत. १९९४ साली शिकागोत बारा कृष्णवर्णीय बायका एकत्र बसल्या आणि म्हणाल्या, नुसता गर्भपाताचा हक्क आम्हाला पुरत नाही. मूल नको म्हणायचा हक्क, मूल हवं म्हणायचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवायचा हक्क, तिन्ही हवेत. लॉरेटा रॉस त्यातल्या एक. हे त्यांना पुस्तकात वाचून सुचलं नव्हतं. मिसिसिपीत फॅनी लू हेमर, पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेली, १९६१ साली गाठ काढायला गेली आणि न विचारता तिचं गर्भाशयच काढलं. अलाबामात १९७३ ला रेल्फ बहिणी, चौदा आणि बारा वर्षांच्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्याने त्यांची नसबंदी केली. आईला वाचता येत नव्हतं, तिने कागदावर फुली मारली होती, तिला वाटलं इंजेक्शनं देणार आहेत.

फुली ऐकून तुम्हाला काही आठवलं नाही? मला आपल्या ऊसतोडीच्या बायका आठवल्या. बीडमध्ये सरकारी समितीने २०१९ मध्ये पाहणी केली तर ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, डॉक्टर म्हणणार कॅन्सर होईल, काढून टाक. वंजारी, बंजारा, दलित बायका. तेव्हा पुण्यातले आपले नातेवाईक काय म्हणाले होते? "त्या लोकांचं असंच असतं." काका, सूर तोच लावलात तुम्ही. पुण्यात बीड "ते लोक", इंडियानात काळे "ते लोक", आणि फार्मसीच्या काउंटरवर "ते लोक" कोण, हे मी वर लिहिलंय.

कमेंटमध्ये काकांचं नाव विचारू नका, सांगणार नाही. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर त्या बाईंचा नंबर मला पाठवा, मी स्वतः फोन करते. "पण हे राजकारण आहे" असं ज्यांना लिहायचंय त्यांनी जरूर लिहा, भांडायला मला आवडतं. फक्त उत्तरं रात्री देईन, आत्ता लेकीला पोहायला न्यायचंय.