खडू वाचवा, टोनर उधळा

पटावर ३१ ते १०० मुलं असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेला केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्या साडेबावीस हजारांत वीज, स्टेशनरी, दुरुस्ती आणि प्रत्येक दिनाची रांगोळी बसवायची. (दिन फार झालेत, पण तो वेगळा विषय.) त्यात पैसे बरेचदा वर्ष सरत आल्यावर येतात आणि ३१ मार्चच्या आत संपवावे लागतात. म्हणजे अकरा महिने उपास आणि बाराव्या महिन्यात आग्रहाची पंगत.

मग शाळा व्यवस्थापन समितीत काटकसरीचा विषय निघतो आणि पहिला ठराव ठरलेला: खडू जपून वापरावा. मला विचाराल तर वर्षभर बोटाने लिहिलं तरी वाचलेल्या खडूत टोनरचं, म्हणजे प्रिंटरच्या काळ्या पावडरीचं, एखादं रिफिल निघेल, तेवढंच.

पैसा जातो तो त्या टोनरमध्ये. ही पावडर भरलेल्या १२ए कार्ट्रिजला कंपनी दोन हजार पानं सांगते, पण पानाचा पाच टक्केच भाग काळा धरून. आपण छापतो ‘वृक्षारोपणाची क्षणचित्रे’: एका पानावर सहा फोटो, प्रत्येकात मागे गर्द झाडी आणि पुढे काळा कोट घातलेले पाहुणे. अशा पानांनी दोन हजारांचे दोनशेही होत नाहीत. फोटो मोबाईलवरून पाठवून झालेले असतात, तरी फाईलला प्रत हवीच. निदान प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टोनर बचत चालू ठेवावी. दोन-तीन रिफिलनंतर पानावर उभ्या रेघा आल्या तर कार्ट्रिजमधला ड्रम (कागदावर पावडर उमटवणारा रूळ) झिजला असं समजावं. तेव्हा आणखी पावडर भरणं म्हणजे रेघाच गडद करून घेणं. रिफिल करणाऱ्याकडून जुनी वाया गेलेली पावडर आधी काढून घ्यावी, नाहीतर ती गळते आणि गुणपत्रकावर डाग पडतात.

विजेचं गणित जरा फसवं आहे. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. सहा पंखे रोज सहा तास, महिन्याला २२ दिवस चालवले तर साधारण ३५ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरा: २८० रुपये. सहा पंख्यांना सोळा-सतरा हजार मोजले तर ते फिटायला साठ महिने, आणि सुट्ट्या धरल्या तर सहा वर्षं. म्हणून जळेल तोच पंखा बदलावा. मंद फिरणाऱ्याला बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. जास्त वेगाच्या हावेपोटी मोठा घातला तर वाइंडिंग तापतं.

खरं नुकसान बिलाच्या तारखांत. सात दिवसांत भरलं तर महावितरण एक टक्का सूट देतं, उशीर झाला तर सव्वा टक्का आकार लावतं. अनुदानच मार्चमध्ये येत असेल तर सूट आपल्या नशिबी कुठली? मे महिन्यात शाळा बंद, पंख्याचं पातंही हलत नाही, तरी स्थिर आकार चालूच. आणि खिडक्यांवर सुविचारांचे तक्ते टांगून भर दुपारी ट्यूब लावायची. त्यातला एक तक्ता हमखास ‘वीज वाचवा’ असतो.

गच्चीच्या गळतीबाबत मात्र मार्चची रक्कम सोयीची. वॉटरप्रूफिंग कोरड्या स्लॅबवरच धरतं. जूनमध्ये ओल्यावर मारलं की पापुद्रे निघतात. त्याआधी पन्हाळीतली पानं आणि टेनिसचे चेंडू काढावेत, त्याला पैसे पडत नाहीत. पण मार्चमध्ये गच्ची कोणाच्या ध्यानात असते? तेव्हा प्रवेशद्वार रंगवायचं असतं.

आता नळ. तोटीतून थेंब गळत असेल तर वॉशर झिजलाय. चावीच्या दांड्याजवळून पाणी येत असेल तर आतलं पॅकिंग. पाणी बंद करायचं, पान्ह्याने वरचा नट सोडवायचा, अर्ध्या इंची वॉशर बदलायचा. वॉशर जिथे बसतो ती कड खरवडलेली असेल तर नवाही आठवड्यात फाटतो, म्हणून तिथे बोट फिरवून पाहावं. टेफ्लॉन टेप आट्यांसाठी असते. ती वरून गुंडाळून थेंब थांबत नाही. काम दहा-वीस रुपयांचं. अडचण एवढीच की वॉशरची पावती कोणी देत नाही आणि पावतीशिवाय लेखापरीक्षणात वॉशर दिसत नाही. म्हणून अख्खा नळ बदलतात, कारण नळाचं पक्कं बिल मिळतं. तो प्लास्टिकचा निघतो आणि मधल्या सुट्टीत चौथीचा वर्ग त्याला लोंबकळतो.