विमानाची पायपीट

संक्रांतीला दिल्लीत मुनिरक्याला लेकीकडे तिळगूळ घेऊन गेलो आणि परत निघताना तिने रेवड्यांचा डबा हातात ठेवला. तीळ द्यायचे आणि तीळच घेऊन यायचे, मग दोन माणसांच्या विमानाच्या तिकिटांचा उपयोग काय, असा हिशेब मी मांडला. "नात भेटली की," ही म्हणाली. नात भेटली हे खरं. पण आठ दिवसांत तिने माझ्यापेक्षा माझ्या माकडटोपीशी जास्त गट्टी केली आणि पुढे त्या टोपीनेच घात केला. ते येईलच.

परतीचं विमान दुपारी पावणेतीनचं. जावईबापू म्हणाले, गाडी बोलावून देतो. मी म्हटलं, छे. मी चार दिवस मेट्रोचा नकाशा पाठ करत होतो. मुनिरक्यानंतर वसंत विहार, शंकर विहार की आलंच टर्मिनल १. तिसरं स्टेशन. पुण्याच्या माणसाला इतकं सरळ काही मिळालं की त्याने संशय घ्यायला हवा. मी घेतला नाही.

साडेअकराला आम्ही टर्मिनल १ च्या दारात. पावणेतीनच्या विमानाला साडेअकरा म्हणजे हिच्या मते उशीरच. टर्मिनल बाकी झकास. वाढवून वर्षाला ४ कोटी माणसं सामावतील एवढं केलंय. त्या ४ कोटींत आम्ही दोघं नाही, हे दारातल्या जवानाने सांगितलं.

"अंकल, ये टी-थ्री का है."

"लेकिन टिकट पे तो एक लिखेला है," मी म्हणालो. दिल्लीत आठ दिवस राहूनही माझं हिंदी दादरच्या पुढे सरकलेलं नव्हतं.

"बदल गया होगा. मैसेज आया होगा, देखिए."

मेसेज आला होता. अकरा दिवसांपूर्वी. एका बाजूला गादीचा सेल, दुसऱ्या बाजूला मला न मागता मंजूर झालेलं कर्ज आणि मधे कंपनीचं विनम्र निवेदन की आपलं टर्मिनल बदललं आहे. हे तिघंही मला एकाच सुरात 'प्रिय ग्राहक' म्हणत होते, त्यामुळे कुणालाच मी भीक घातली नव्हती.

ही काही बोलली नाही. पण लग्नाला तेहतीस वर्षं झाली की न बोललेलंही ऐकू येतं, आणि बरंच लांबलचक ऐकू येतं.

आता आपल्याकडे टर्मिनल म्हणजे जुनं आणि नवं, आणि दोन्ही एकमेकांना खेटून. लोहगावला चुकलात तर बॅग ओढत शेजारी जाल. गंमत म्हणजे पुण्याच्या नव्या टर्मिनलचं आणि दिल्लीच्या या वाढवलेल्या टर्मिनल १ चं उद्घाटन एकाच दिवशी झालं, १० मार्च २०२४ ला, तेही दोन्हीकडचं आझमगडहून. प्रत्यक्षात पुण्याचं जुलैत सुरू झालं आणि दिल्लीचं ऑगस्टमध्ये. पुण्याने दिल्लीला कुठे तरी मागे टाकलंय, याची नोंद व्हावी. पण दिल्लीत टर्मिनल १ एकीकडे, २ आणि ३ दुसरीकडे आणि मधे धावपट्टी. ती पायी ओलांडू देत नाहीत.

"मेट्रोने जाऊ," मी अजून नकाशाच्या गुर्मीत होतो. मग नकाशा उघडला. विमानतळ एक, पण त्याची मेट्रो स्टेशनं दोन वेगवेगळ्या लाइनींवर, आणि त्या लाइनी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. टर्मिनल ३ ला जाते ती एअरपोर्टची खास लाइन, नवी दिल्ली स्टेशनवरून निघणारी. हिने माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि बोट ठेवलं. त्या लाइनीवरचं दुसरंच स्टेशन 'शिवाजी स्टेडियम'.

"बघा," ही म्हणाली. "महाराजांच्या नावाच्या लाइनीने आला असतात तर बरोबर पोचला असतात."

यावर काय बोलणार? थोरले बाजीराव १७३७ साली घोड्यावरून थेट तालकटोऱ्याला येऊन थडकले, तेही मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. दिल्लीकरांना पत्ता लागू दिला नाही म्हणतात. इथे दिल्लीने आम्हाला लागू दिला नव्हता.

शेवटी टॅक्सी केली. ड्रायव्हर पन्नाशीचा, पालमचाच. विमानतळ त्याच्यासमोर वाढला. पालम हे जुनं हवाईदलाचं ठाणं, १९६२ मध्ये सफदरजंगवरची प्रवासी विमानं इकडे आली, १९८६ मध्ये टर्मिनल २ उघडलं आणि इंदिरा गांधींचं नाव लागलं. ड्रायव्हरला यातलं सन एकही ठाऊक नव्हतं, पण कुठली भिंत कधी पडली ते सगळं ठाऊक होतं. "साहब, यहाँ हर साल कुछ तोड़ते हैं, कुछ जोड़ते हैं," तो म्हणाला, "सवारी बेचारी घूमती रहती है." त्याच्या सांगण्याप्रमाणे आमच्यासारख्या रोज चार-पाच जोड्या त्याला मिळतात. मधे टर्मिनल २ दुरुस्तीला काढलं होतं, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५. तेव्हा तिथली विमानं इकडेतिकडे पांगली, मग परत आली, आणि त्याच्या मुलाची बारावीची फी त्यातूनच भरली गेली. आमच्या गैरसोयीतून कुणाचं तरी शिक्षण होतंय म्हटल्यावर मी भाड्याची घासाघीस सोडली.

आणि मग तो प्रसंग घडला.

सिग्नलला नव्हे, पुलाला नव्हे, सरळ रस्त्यावर टॅक्सी हळू झाली. समोर रस्त्यावरून आडवा जाणारा रुंद सिमेंटचा पूल. त्यावरून एक अख्खं विमान चालत आलं. चालत! उडत नाही. पोटाखालची चाकं, त्याच्यावरचे पंख, खिडक्यांची रांग, सगळं सावकाश आमच्या डोक्यावरून उजवीकडून डावीकडे, लग्नाच्या वरातीसारखं. हिने टॅक्सीत बसल्या बसल्या मान खाली घातली. मीही घातली, पण मी बुटाची नाडी बघत होतो.

"एलिवेटेड टैक्सीवे," ड्रायव्हर म्हणाला, जणू त्यानेच बांधला.

त्याबद्दल मी नंतर वाचलं. जुलै २०२३ मध्ये चौथ्या धावपट्टीबरोबर तो सुरू झाला. चार धावपट्ट्यांचा हा देशातला पहिलाच विमानतळ. आणि हा दोन किलोमीटरचा उंच रस्ता कशासाठी? तर तिकडच्या, ४,४३० मीटर लांबीच्या तिसऱ्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाला टर्मिनल १ ला जायला नऊ किलोमीटरचा वळसा पडायचा. तो आता दोन किलोमीटरवर आला.

विमानाची पायपीट सात किलोमीटरने वाचली! तेल वाचलं, धूर वाचला, उत्तमच झालं, माझी तक्रार नाही. पण विमानाला इंजिनं असतात. त्याच टर्मिनल १ वरून निघालेला, गुडघ्याला पट्टा बांधलेला मी टॅक्सीत बसून त्याच पुलाखालून वळसा घालत होतो. कुणीतरी मोठ्या टेबलावर नकाशा पसरून विमानाच्या पायांची काळजी केली, त्याच वेळी त्याच टेबलावर माझेही गुडघे ठेवायला हवे होते.

टर्मिनल ३ राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी, २०१० च्या जुलैत उघडलं. ३७ महिन्यांत बांधलं म्हणतात. आमच्या सोसायटीच्या टाकीच्या झाकणाचा ठराव तेवढ्यात दोनदाच मांडून झाला. परदेशाहून येणाऱ्यांच्या स्वागताला इथे पासपोर्ट तपासणीच्या वर भिंतीतून मोठाले हात बाहेर आले आहेत, नृत्यातल्या हस्तमुद्रा करणारे. देशांतर्गत प्रवाशांना ते दिसत नाहीत. आमच्या मुद्रा आमच्या आम्हीच आणायच्या.

त्यातली पहिली दारातच लागली. लेकीने मला डिजियात्रा काढून दिलं होतं. चेहरा दाखवला की दार उघडतं. हिने चेहरा दाखवला, दार उघडलं. मी दाखवला, दार विचारात पडलं. एक पाऊल मागे गेलो, चष्मा काढला, हसून पाहिलं. मागे रांग वाढत गेली. जवान आला, माझ्याकडे पाहिलं, फोनमधल्या फोटोकडे पाहिलं. नातीच्या हट्टाने तो फोटो काढण्याआधी टोपी कपाळावरून जेमतेम वर सरकवली होती. सरकार दरबारी मी आता भुवयांपासून सुरू होतो. "अंकल, उस लाइन में," जवान म्हणाला. पलीकडे काचेतून ही माझ्याकडे बघत होती. तिला ओळख पटली होती, पण ती द्यायची की नाही हे ठरत नव्हतं.

बॅगेचं वजन १५ किलो ६०० ग्रॅम भरलं, म्हणून रेवड्यांचा डबा बाहेर काढून हातात घ्यावा लागला. त्यामुळे सुरक्षा तपासणीत तो ट्रेमध्ये एकटाच गेला आणि एकटाच अडकला. पडद्यावर त्यांना काय दिसलं देव जाणे. चारशे गोल गोल दाणे, एका धातूच्या भांड्यात, रबर लावून घट्ट.

"ये किसका है?"

मी हात वर केला. शाळेनंतर इतक्या सरळ केला नव्हता.

"खोलिए."

रबर लेकीने लावलं होतं. लेक माझ्यावर गेली आहे, एक रबर पुरत नाही. तिने तीन लावले होते, तेही आडवे-उभे. पहिला निघाला. दुसरा तुटला. तिसरा काढताना झाकण टण्णकन उडालं आणि त्याच्यामागोमाग रेवड्या. त्या स्टीलच्या रुळांवर पडल्या आणि रुळ उतारावर होते. दुसऱ्यांचे लॅपटॉप, पट्टे, बूट यांच्यामधून टुणटुण उड्या मारत त्या पुढे निघाल्या, कसल्याही तपासणीशिवाय, आमच्या आधी. कुणाचंसं पोर ओंजळ धरून शेवटी उभं राहिलं.

मराठीत 'रेवडी उडवणे' हा वाक्प्रचार मी लहानपणापासून वापरत आलो. तो अनुभवायला दिल्लीला यावं लागलं. जवानाने एक रेवडी उचलून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. "गुड़ वाली है?" हिने लगेच त्याच्यापुढे डबा धरला. "घ्या ना. तिळगूळ घ्या, गोड बोला." त्याने घेतली नाही, ड्यूटीवर होता. गोड मात्र बोलला. "आराम से जाइए, माताजी."

आराम से! टर्मिनल ३ मध्ये गालिचा आहे. सगळीकडे. बघायला छान, पण चाकाची बॅग त्यावरून ओढून पाहा, शेतात नांगर धरल्याचा भास होतो. सरकत्या पट्ट्यांची सोय आहे. आमच्या वाटेवरच्या एका पट्टीला कुंपण घातलं होतं, आत दोन माणसं पट्टीची आतडी काढून बसली होती. गेटचे आकडे मोठ्या निवांतपणे वाढत होते. मधे साबणाचं, साडीचं, सुक्यामेव्याचं दुकान लागायचं, ही थांबायची, मग पुढे.

गेटवर पोचलो तर तिथे विमान नाही. ७८ पूल आहेत या टर्मिनलला, थेट विमानाच्या दाराला चिकटणारे. एकही आमच्या नावाचा नाही. सकाळच्या धुक्याने सगळं मागेपुढे झालं होतं. धुक्यात तयारीच्या विमानाला उतरताना समोरचं ५० मीटर दिसलं तरी चालतं, उडायला मात्र १२५ मीटर दिसावे लागतात. दिल्लीत शिरणं सोपं, निघणं अवघड, असं आपले पुढारी म्हणतात त्यात तथ्य असावं. तर आम्हाला जिन्याने खाली, बसमध्ये. बस निघाली ती निघालीच. उभ्याने प्रवास, कडीला लटकून, एका हातात अर्धा डबा. कात्रज ते निगडी झालं असेल. ही म्हणाली, "अहो, ही आपल्याला परत टर्मिनल एकला तर नेत नाही ना?"

बसलो एकदाचे. माझी खिडकी, ही मधे. विमान मागे सरकलं, वळलं आणि चालायला लागलं. पाच मिनिटांनी जमीन बाजूने खाली गेल्यासारखी झाली. पाहतो तर आम्ही पुलावर. तोच तो पूल. खाली तोच रस्ता, आणि रस्त्यावर आमच्यासाठी हळू झालेल्या गाड्या. एका टॅक्सीच्या मागच्या खिडकीतून एक बाई मान खाली घालताना दिसली. तिच्या शेजारचे गृहस्थ फोन डोळ्यांजवळ धरून काहीतरी वाचत होते.

"चुकलेत बिचारे," ही माझ्या अंगावरून वाकून म्हणाली आणि तिने त्यांना हात केला.

मी डबा उघडून एक रेवडी तोंडात टाकली.