अंगावर काढू नका, अंथरूणही धरू नका

उन्हाळा लागला की आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कंबरदुखीवरून वाद ठरलेला. 'आमच्या आया जात्यावर दळायच्या, गच्चीवर कुरडया घालायच्या, त्यांची कंबर नाही दुखली. आता दुखण्याचे लाडच फार होऊन राहिले,' हा एक पक्ष. दुसरा म्हणतो, 'एमआरआय काढ, पट्टा बांध, महिनाभर पडून राहा.'

मला दोन्हींचा राग येतो, पहिल्याचा जास्त. त्या आयांची कंबर दुखायची, फक्त विचारायला कुणी नव्हतं. महाल-इतवारीतल्या वाड्यांत पन्नाशीतच वाकून चालणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात, त्यांनी तरी असं बोलू नये.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला फिजिओथेरपिस्ट आहे. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हा माझा रोजचा विषय. इथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, साध्या कंबरदुखीला एमआरआय लिहून देत नाही. पाठ अजिबात दुखत नसलेल्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या होत्या. झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं नसतं. नागपुरात, दवाखान्यांच्या धंतोलीत, रिपोर्ट झटपट हातात पडतो, आणि त्यातला 'बल्ज' (चकती फुगलेली) हा शब्द वाचून माणूस वाकायलाच घाबरतो. न वाकल्याने स्नायू कमजोर होतात, मग दुखणं खरंच वाढतं. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, सोबत ताप किंवा विनाकारण घटणारं वजन असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या तिन्हींत त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाकी टिकलेल्या दुखण्यात सगळ्यात उपयोगी पडतो तो हिशेब. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं जातात, ते पाच दिवस लिहून ठेवा, बरे-वाईट दोन्ही दिवस धरून. समजा २०, ८, १५, १२, १५ आले. सरासरी १४. त्याचे ८० टक्के, म्हणजे ११ मिनिटं, ही आपली मर्यादा. मोबाइलवर अलार्म लावा आणि वाजला की बसा, दुखत नसलं तरी. इथेच सगळे चुकतात. 'आज बरं वाटून राहिलं' म्हणून एका दमात माळा साफ करतात आणि पुढचे तीन दिवस उठता येत नाही. आठवडाभर मर्यादा नीट पाळली गेली, तर एखादं मिनिट वाढवायचं. दुखणं उसळलं तर दोनेक दिवस निम्म्यावर या, शून्यावर नको. १५-२० मिनिटं शेक, पिशवीला कापड गुंडाळून.

कुरडया हे यातलं सगळ्यात अवघड काम. चिकाला गुठळ्या होऊ नयेत म्हणून हात थांबवता येत नाही, आणि गरम आहे तोवरच साच्यातून घालावा लागतो, त्यामुळे अलार्म वाजला तरी मधेच उठता येत नाही. म्हणून एका वेळी किलोभरच गहू भिजवा. चीक घोटायला एक माणूस, साचा दाबायला दुसरा. प्लास्टिक गच्चीच्या फरशीवर न अंथरता बाजेवर किंवा टेबलावर अंथरा, म्हणजे उकिडवं बसावं लागणार नाही.

गोळ्यांबद्दल मात्र मी कडकच बोलणार. इथे सुपरमार्केटात पॅरासिटामॉलचं १६ गोळ्यांपेक्षा मोठं पाकीट विकता येत नाही. तिकडे मेडिकल स्टोअरमधून अॅसेक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीची पट्टी चिठ्ठीशिवाय घरी येते आणि महिनोन्‌महिने चालते. ४५ डिग्रीत अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, त्यावर ही: मूत्रपिंडावर घाला येतो तो असा. उपचार कसे करावेत ते ठरवून देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगून टाकलं, की दुसरा आजार सापडत नसलेल्या जुन्या दुखण्यात या वेदनाशामक गोळ्या सुरूच करू नका. व्यायाम, मानसोपचार आणि काहींना नैराश्यावरची औषधं सुचवली. नागपुरात त्यांतलीच रात्रीची १० मिलिग्रॅम अॅमिट्रिप्टिलिन 'डोक्याची गोळी' म्हणून घरचेच चौथ्या दिवशी बंद करतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला झोप नि तोंडाला कोरड येते, हे आधी सांगितलं तर ती टिकते.

इथे पेन क्लिनिकचा नंबर लागायला महिने जातात, हे ग्रुपवर मला ऐकवलं जातंच. खरं आहे ते. अलार्म लावून बसणं इथे सोपं जातं, कारण न सांगता दारात कुणी येत नाही, लग्नाचं बोलावणं नाकारलं तर कुणी रुसत नाही. आणि त्याच कारणाने इथली कितीतरी माणसं दुखणं घेऊन आठवडाभर कुणाशी न बोलता काढतात. त्यांना समजावताना मला नागपूरची शेजारीण हवीशी वाटते, डबा घेऊन येणारी, पाय चेपून देते म्हणणारी. मी तिकडची उरले नाही असं ग्रुपवर कुणी म्हटलं की म्हणूनच झोंबतं.

म्हणून भांडते. चीक घोटायला दुसरा माणूस मला इथे कुणाच्या घरी पाठवता येत नाही. तिकडे तो घरातच असतो. नवऱ्याला, मुलाला सांगा. अकराव्या मिनिटाला लाटणं त्यांच्या हातात द्या आणि खुर्ची ओढून बसा.