'क्रोम' म्हणजे चकाकी नव्हे, आणि 'क्रम' तर नव्हेच

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर भाषेचा अभिमान उतू जातो. जाऊ द्या, वर्षातून एकदा चालतं. पण त्याच लाटेवर एक फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपपासून कॉलेज रोडच्या क्लासच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीतले 'क्रोम'चे सगळे शब्द संस्कृत 'क्रम'वरून आले. क्रोमियम चकाकतं म्हणून क्रोमियम. क्रोमोझोम कातडीचा रंग ठरवतो म्हणून क्रोमोझोम. क्रोमॅटोग्राफी फक्त रंगीत पदार्थांची होते. मोनोक्रोम म्हणजे कृष्णधवल. आणि क्रॉनिक, क्रोनॉलॉजी, क्लोरोफिल ही त्याच घरातली भावंडं. शेवटी तळटीप: 'मुलांकडून पाठ करून घ्या.' ही तळटीप नसती तर मी सोडून दिलं असतं.

या शब्दांचं खरं मूळ ग्रीक 'ख्रोमा'. अर्थ रंग, आणि त्याआधी कातडी, अंगकांती. हा ग्रीक शब्द फॉरवर्डमध्ये औषधालाही नाही.

क्रोमियम चकाकतं म्हणून क्रोमियम? बुलेटचा सायलेन्सर आणि बाथरूमचा नळ पाहून हे कुणालाही पटेल. पण नाव ठेवणाऱ्याने नळ पाहिला नव्हता. फ्रेंच रसायनज्ञ वोकलाँ याच्यासमोर १७९७ मध्ये होतं सैबेरियातून आलेलं एक शेंदरी-तांबडं खनिज. त्यातून एक नवं मूलद्रव्य निघालं, आणि त्या मूलद्रव्याची खोड अशी की त्याचं जवळपास प्रत्येक संयुग वेगळ्या रंगाचं. क्रोमेट पिवळं, डायक्रोमेट नारिंगी, तीन संयुजेचं क्रोमियम हिरवं. माणकाचा लाल रंग क्रोमियमच्या अंशामुळे, आणि पाचूचा हिरवाही त्याच्याचमुळे. म्हणून 'रंगवालं' हे नाव. धातूचा मुलामा देऊन वस्तू चकचकीत करण्याचा धंदा त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बाजारात आला.

यावर पुस्तक उघडायचीही गरज नाही, अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत एखाद्या प्लेटिंगवाल्याकडे जावं. ज्या टाकीतून चांदीसारखा जॉब, म्हणजे मुलामा दिलेली वस्तू, बाहेर येतो, त्या क्रोमिक ॲसिडच्या टाकीतला द्रव गडद तांबडा-तपकिरी असतो. आणि नळाची आरशासारखी झाक बरीचशी खालच्या निकेलच्या थराची असते. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ, निळसर छटेचा, निकेल काळवंडू नये म्हणून दिलेला. खरा रंगखेळ दिसतो तो सांडपाण्याच्या प्लांटवर. सहा संयुजेचं विषारी क्रोमियम असलेलं पिवळं पाणी आम्ल करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं की ते हिरवं होतं. पिवळं गेलं, हिरवं आलं, म्हणजे क्रोमियम सहावरून तीन संयुजेवर उतरलं. मग चुना किंवा कॉस्टिक टाकून ते गाळाच्या रूपात खाली बसवायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलला सल्फर डायऑक्साइड ओळखायला डायक्रोमेटचा कागद धरतात, तोही नारिंगीचा हिरवा होतो. सबंध दिवस ही टाकी सांभाळणाऱ्या ऑपरेटरला या मूलद्रव्याचं नाव रंगावरून का पडलं हे समजावून सांगावं लागणार नाही.

क्रोमोझोम कातडीचा रंग ठरवतो म्हणून? इथे सनावळीच आड येते. क्रोमोझोम हा शब्द जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८८ मध्ये घडवला. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं काम तेव्हा धूळ खात पडलं होतं, ते पुन्हा उजेडात आलं १९०० मध्ये. आनुवंशिकतेचा भार क्रोमोझोम वाहतात ही मांडणी सटन आणि बोव्हेरी यांनी केली ती त्याच्याही नंतर. मग 'रंग' कुठून आला? पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक असते. वॉल्टर फ्लेमिंगने ती रंगवली तेव्हा केंद्रकातला एक भाग रंग घट्ट धरून बसला. त्याला त्याने क्रोमॅटिन म्हटलं. पुढे त्याचे जे तुकडे दिसले ते 'क्रोमो-सोम', रंगीत देह. म्हणजे रंग क्रोमोझोमचा नव्हे, आपण बाहेरून चढवलेला. आपल्याकडे कांद्याला तोटा नाही, तेव्हा हे घरच्या मालावर पाहता येतं: कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवून काचेवर दाबलं की लालसर दोऱ्या दिसतात. मराठीने 'गुणसूत्र' हे नाव कामावरून दिलं, दिसण्यावरून नव्हे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची गल्लत बहुधा इथेच झाली. कातडीच्या रंगाला जबाबदार मेलॅनिन, आणि त्यातला 'मेलान' म्हणजे ग्रीकमध्ये काळा.

क्रोमॅटोग्राफी फक्त रंगीत पदार्थांची? मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करण्याच्या या पद्धतीची सुरुवात रंगीत पदार्थांवर झाली हे खरं. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडला आणि हिरवे, पिवळे पट्टे वेगवेगळे उतरले. १९०६ च्या लेखांत त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हटलं. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग. त्याने स्वतःचं आडनाव शास्त्राला चिकटवलं असं काही जण म्हणतात. मला ते आवडतं, पण त्याची साक्ष कुणी देऊ शकत नाही.

पुढे मात्र पद्धत रंगापासून सुटली, नाव तेवढं राहिलं. आणि ही गोष्ट जगात कुणाला ठाऊक असेल तर ती निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला. युरोपला कंटेनर पाठवायचा तर रेसिड्यू रिपोर्ट लागतो. द्राक्षाचा नमुना लॅबमध्ये जातो, तिथे गॅस आणि लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रांतून औषधांचे अंश वेगळे होतात, आणि किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले जातात. यातला बहुतेक माल डोळ्यांना बिनरंगी. २०१० च्या हंगामात वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागेत ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, ते आठवत असेल. त्या सीसीसीला कसला आलाय रंग? यंत्राला तो लागतही नाही. कोणता पदार्थ नळीतून किती वेळाने बाहेर पडतो आणि त्याच्या रेणूचं वजन किती, यावरून ओळख पटते. क्रोमॅटोग्राफी रंगीत पदार्थांपुरतीच असती तर आपला निम्मा त्रास वाचला असता.

मोनोक्रोम म्हणजे कृष्णधवल? मोनोक्रोम म्हणजे एकरंगी. कृष्णधवल हा त्यातला एक प्रकार. मूकपटांच्या काळात रात्रीचा प्रसंग निळा आणि आगीचा तांबडा रंगवून काढत. ते एकरंगी होतं, काळं-पांढरं नव्हे. याच्या उलट टोकाला क्रोमोलिथोग्राफी: रंगागणिक वेगळा दगड, एकावर एक छाप. देव्हाऱ्यातल्या रविवर्मा छापाच्या लक्ष्मी-सरस्वती अशाच निघाल्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छपाईच्या धंद्यात होते, आणि रंगीत छपाईच्या यंत्रासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते.

क्रॉनिक, क्रोनॉलॉजी, क्लोरोफिल: पहिल्या दोघांत 'ख्रोनोस', म्हणजे काळ. तिसऱ्यात 'ख्लोरोस', फिकट हिरवा. आवाज जवळचा, नातं शून्य.

आणि संस्कृत 'क्रम'. क्रम् धातूचा अर्थ पाऊल टाकणं. त्यातून क्रमण, आक्रमण, पराक्रम. रंगाशी त्याचं देणंघेणं नाही. शिवाय ग्रीक शब्दाच्या सुरुवातीचा वर्ण 'क' नसून श्वासयुक्त 'ख' आहे, आणि या दोन भाषांच्या खऱ्या नात्यांत ग्रीक 'ख'समोर संस्कृतात सहसा 'ह' किंवा 'घ' येतो. हिवाळ्याला ग्रीक 'खेइमोन', संस्कृत 'हेमन्त'. अशी जोडी 'क्रम'ला लावता येत नाही.

इंग्रजीतल्या रंगाच्या शब्दांत आपला नातेवाईक शोधायचाच असेल तर तो आहे, फक्त चुकीच्या दारावर थाप पडतेय. 'क्रिमझन' आणि 'कार्मिन' पाहा. दोन्हींच्या मागे अरबी 'किर्मिझ', त्यामागे फारसी 'किर्म', म्हणजे किडा, आपल्या कृमीचा सख्खा भाऊबंद. कारण हा लाल रंग किडे वाळवून, कुटून काढत. मराठीत तोच शब्द 'किरमिजी' होऊन नांदतो. कांद्याची मुळं रंगवणाऱ्या ॲसिटोकार्मिनमधला कार्मिन तोच. पाठच करून घ्यायचं तर मुलांकडून हे घ्या.