तारे मोजून पाणी तापत नाही

आमच्या घरातला १५ लिटरचा गिझर गेल्या आठवड्यात तळातून गळू लागला, आणि तेव्हापासून नवा गिझर निवडण्याच्या नावाखाली जो मनस्ताप मी सोसला आहे, तो लिहून काढल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही. वाघोलीतली तीन दुकाने मी पालथी घातली. तिन्ही ठिकाणी मला रंग दाखवले, तापमानाचे चमकणारे आकडे दाखवले, रिमोट दाखवला, हप्त्यांची योजना समजावून सांगितली. परंतु घरात अंघोळीला माणसे किती आणि नळाला पाणी कोणते येते, हे दोन साधे प्रश्न एकाही विक्रेत्याला विचारावेसे वाटले नाहीत.

तिघांच्याही तोंडी वाक्य मात्र एकच होते. ‘मॅडम, फाइव्ह स्टार घ्या, बिल निम्म्यावर येईल.’ हे धादांत खोटे आहे आणि ते रोज शेकडो लोकांच्या गळी उतरवले जाते, याची मला चीड येते. साठवणीच्या गिझरवर केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे जे तारे असतात, ते पाणी तापवायला किती वीज लागते हे सांगतच नाहीत. तापलेले पाणी बाहेरच्यापेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवायचे असेल, तर टाकीच्या कवचातून २४ तासांत किती वीज वाया जाते, एवढेच त्यावरून कळते. गिझर दिवसरात्र चालू ठेवणाऱ्या घराला त्याचे मोल आहे. आमच्याकडे बटण पहाटे साडेपाचला दाबले जाते आणि आठ वाजता बंद होते. उरलेल्या साडेएकवीस तासांत टाकीतले पाणी निवले काय किंवा न निवले काय, मीटर फिरत नाही.

विजेचा खरा खर्च पाण्यातच जातो. हिवाळ्यात नळाचे पाणी साधारण २० अंशांचे असते. २० लिटरची एक बादली ४० अंशांवर आणायला जवळजवळ अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या, तर दिवसाला सव्वादोन ते अडीच युनिट आणि महिन्याला सत्तरच्या आसपास. कॉइलमध्ये शिरलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच होते, त्यामुळे एक तारा असो वा पाच, हे सत्तर युनिट कोणाच्या बापाला चुकवता येत नाहीत. याच सत्तर युनिटांमुळे थंडीत आमचे बिल ३०० युनिटांच्या पलीकडच्या महाग टप्प्यात जाते, म्हणून मला बचतीचे खरे उत्तर हवे होते. मिळाली ती पाठ केलेली पोपटपंची. एका दुकानात तर लेबलवर छापलेली मुदतच उलटून गेली होती. हे निकष ठरावीक काळाने कडक होतात आणि जुन्या पाच ताऱ्यांची किंमत तेवढी उरत नाही, हे मी दाखवून दिले, तेव्हा ‘तेवढे कोण बघतं’ असे उत्तर ऐकावे लागले. किमतीत मात्र पाच ताऱ्यांचे पुरेपूर पैसे लावलेले होते.

मापाच्या बाबतीतही तोच बेफिकीरपणा होता. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचे पाणी असेल, तर तितकेच थंड पाणी मिसळून ३० लिटर, म्हणजे दीड बादली मिळते. पाच माणसांच्या घरात त्यामुळे तिसऱ्याची अंघोळ होईपर्यंत पुढचे दोघे टॉवेल घेऊन उभे राहतात, आणि सहा वर्षे आम्ही हेच केले. २५ लिटरच्या टाकीत अडीच बादल्या निघतात आणि २ किलोवॅटच्या कॉइलवर ती पुन्हा भरून तापायला साधारण ३५ मिनिटे लागतात. हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. विकणाऱ्याला ते येत नाही, किंवा करायचे नाही.

परंतु माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती जुना गिझर उघडल्यावर. प्लंबरने खालची चकती सोडवली, तशी पांढऱ्या खरपुड्यांची रास मोरीत पडली. कॉइलवर चुन्याचा इतका जाड थर बसला होता की मूळचा धातू दिसत नव्हता. शेजारच्या आट्यातून त्याने एक गंजकी तार ओढून काढली आणि विचारले, ‘ताई, हा रॉड कधीच बदलला नाही का?’ ती तार म्हणजे एके काळी बोटाएवढी जाड असलेली मॅग्नेशियमची दांडी होती. पाण्यातले क्षार टाकीच्या पत्र्याला खाऊ नयेत म्हणून ही दांडी स्वतः झिजत राहते. ती संपली की टाकीची पाळी येते. आमच्याकडे उन्हाळाभर टँकरचे आणि एरवी बोअरचे पाणी येते, तेव्हा ती दर वर्ष-दीड वर्षाने तपासायलाच हवी होती. सहा वर्षांत कंपनीचा माणूस दोनदा सर्व्हिसिंगला येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने गिझर बाहेरून पुसला, थर्मोस्टॅटला टेस्टर लावला, पैसे घेतले आणि तो निघून गेला. काहीशे रुपयांच्या एका दांडीअभावी सबंध गिझर भंगारात गेला, आणि वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते की जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्याने झालेले नुकसान ग्राह्य धरले जाणार नाही. या भागात जड नसलेले पाणी आहे कोणाकडे?

पर्याय विचारले, तर त्याहून वाईट. बाथरूमला छोटी खिडकीसुद्धा नाही असे सांगितल्यावरही एकाने गॅस गिझर पुढे केला. कोंदट न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे जिवाला मुकतात, हे माहीत असूनही काही हजारांच्या विक्रीसाठी असा सल्ला देणे हा माझ्या मते अपराध आहे. हवेतली उष्णता घेऊन साधारण एक तृतीयांश विजेत काम भागवणारा हीट पंप विचारला, तर तिघांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता. सोलरसाठी गच्चीची परवानगी सोसायटीच्या कमिटीकडे दीड वर्ष धूळ खात पडली आहे.

शेवटी मी २५ लिटरचा, आतून काचेचा लेप असलेल्या टाकीचा गिझर घेतला. तो बसवायला आलेल्या मुलाने नळ्यांचे आणि खिळ्यांचे वेगळे पैसे मागितले; ‘फ्री इन्स्टॉलेशन’ पावतीवर छापलेले असताना मागितले. मी त्याला नव्या गिझरची दांडी कोठे आहे ते दाखवायला सांगितले, तर अशी काही दांडी असते हे त्याला माहीतच नव्हते. मग मी कंपनीला फोन लावला. सुटी दांडी ग्राहकाला विकत मिळत नाही, तक्रार नोंदवा, माणूस येऊन पाहील, आणि येण्याचे शुल्क वेगळे पडेल, असे मला सांगण्यात आले. कसली तक्रार नोंदवू, असे मी विचारले. गिझर बिघडला की फोन करा, असे म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला.