कुंकळ्ळीच्या छत्र्या

गोव्याचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एकाचं म्हणणं, पोर्तुगीजांनी बाटवलं, ते लोक आता आपले नाहीत. दुसऱ्याचं, जुनं कशाला उकरता, गोव्यात सगळे गुण्यागोविंदानं राहतात. मला दोन्ही ऐकवत नाही, आणि त्याला कारण कुंकळ्ळी.

दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या या गावची देवळं पोर्तुगीज सैन्यानं जाळली होती. नंतर जुलै १५८३मध्ये चर्चसाठी जागा बघायला जेझुइट पाद्री गावात आले. गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं, सोबतची आणखी माणसंही मारली गेली. त्या पाद्र्यांचा प्रमुख होता रुदोल्फो अक्वाविवा. हाच माणूस आधीची तीन वर्षं फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात मौलवींशी वाद घालत होता. तिथे तो पाहुणा होता. इथे त्याच्याआधी सैन्य येऊन गेलं होतं. मला हा फरक फार मोठा वाटतो. तरी हातात शस्त्र नसलेल्यांना मारलं, हेही मी झाकणार नाही.

पोर्तुगीजांनी सूड कसा घेतला? गावच्या सोळा मुख्य गावकरांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच कापून काढलं. सोळांतला एक नदीत उडी टाकून वाचला, असं सांगतात. जमिनी गेल्या. गावची देवी शांतादुर्गा, तिला लोकांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, फातर्प्याला नेलं.

पुढे गावातली बरीच घरं ख्रिस्ती झाली, पण वांगड, म्हणजे गावची जुनी कुळं, मोडले नाहीत. एकाच वांगडात हिंदू घरं आहेत, ख्रिस्तीही आहेत. दरवर्षी शिगम्यात फातर्प्याहून कुंकळ्ळीला देवीची मिरवणूक येते, बारा वांगडांच्या छत्र्या घेऊन, गुलाल उधळत. हे कुणा राजानं ठरवून दिलेलं नाही. ज्यांची देवळं जळली आणि ज्यांचे बाप किल्ल्यात मेले, त्यांच्याच वंशजांनी ते टिकवलंय. म्हणून 'ते आपले नाहीत' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आणि जुनं विसरा म्हणणाऱ्यांचाही, कारण देवी फातर्प्याहून का येते हे विसरलं तर त्या छत्र्यांना अर्थच उरत नाही.

मी गेले त्या वर्षी एका घरातून वयस्कर बाई बाहेर आल्या. दारात क्रूस होता. कोणती छत्री येतेय, म्हणून मी सहज विचारलं.

"आमच्या वांगडाची," म्हणाल्या, आणि चपला घालून त्या छत्रीमागे चालू लागल्या.