कानाचं यंत्र डब्यात का पडतं

"म्हाताऱ्यांना कानाची यंत्रं फुकट वाटून सरकार पैसा पाण्यात घालतंय. यंत्रं डब्यात पडून राहतात, वय झालं की कान जायचेच, आणि ज्याला हवं त्याला बाजारात स्वस्तात मिळतं. तोच पैसा ऑपरेशनांना द्या." व्हॉट्सअ‍ॅपवर हे जोरात फिरतंय.

डब्यात पडतात हे खरं आहे. माझ्या आत्याचं पावडरच्या रिकाम्या डब्यात होतं. शिबिरात मिळालेलं; घातलं की शिट्टी वाजायची. तिच्या कानाचा साचा कुणी घेतलाच नव्हता. तयार रबरी टोक ढिलं बसायचं, त्यातून आवाज बाहेर येऊन परत माइकमध्ये शिरायचा. आम्ही साचा करून घेतला, ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो त्याच्या आलेखाप्रमाणे, यंत्र जुळवून घेतलं, शिट्टी थांबली. मग सेल. बारीक बटणासारखा तो सेल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो आणि गावात मिळत नाही. यंत्र हातात ठेवून मंडळी निघून गेली, पैसा वाया गेला तो इथे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून मोफत यंत्रं देते. तिथे सेल आणि दुरुस्तीही त्यातच धरलेली असते.

बाजारातलं स्वस्त यंत्र बहुधा सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. वयामुळे आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज: स, श, त, फ. "सात" म्हणाल तर "आठ" की "हात", पत्ता लागत नाही. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतं गं, समजत नाही." त्यांच्या कानात नुसता आवाज वाढवला तर भांड्यांचा खणखणाट तेवढा डोक्यात जातो.

वयाचंच म्हणाल तर मोतीबिंदूही बहुतेकांना वयानेच होतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी दवाखान्यात डोळ्यात भिंग बसवून देतात, त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. भिंग आत बसतं म्हणून तो उपचार आणि यंत्र कानावर दिसतं म्हणून खैरात, हे मला पटत नाही. शिवाय कमी ऐकू येणं ही स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणारी गोष्ट आहे, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानेही २०२० मध्ये म्हटलं आहे.

राहिली ऑपरेशनं. त्यांचा पैसा कापा असं कुणीच म्हणत नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, कानाचं यंत्र, जे हवं ते त्यातच बसवायचं. योजनेत काय असावं याचा फेरविचार होईल तेव्हा यंत्राच्या पुढे साचा, तपासणी, सेल आणि दुरुस्ती हे चार शब्द लिहून घ्या. आणि सहा महिन्यांनी आशाताईंना घरी पाठवून बघायला सांगा, यंत्र कानात आहे का.